गाळाचे धनी

निफाड तालुक्यात थंडीची खबर पहिल्यांदा लागते ती द्राक्षबागांना. डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांवर घसरला की भल्या पहाटे बागांच्या बांधांवर शेकोट्या पेटतात, ठिबकचं पाणी सोडलं जातं आणि धुराचा पट्टा वेलींवर तरंगत राहतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाका, या फरकाने साखर भरत आलेले मणी तडकतात. बागाईतदाराची वर्षाची कमाई एका रात्रीत मातीमोल होऊ शकते. त्याच पहाटे, त्याच तालुक्यात, गोदावरीच्या उथळ पाण्यावर हजारो बदकं अंग फुगवून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून निवांत झोपलेली असतात. सैबेरिया, मंगोलिया, तिबेटचं पठार असा पल्ला मारून आलेल्यांना निफाडचा गारठा कसला बोचणार?

हे पाणी म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. नाशिकहून गाडीने दीडेक तासाच्या अंतरावर, गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा घातला गेला आणि त्याच्या मागे हे पाणी पसरलं. 1986 साली इथे अभयारण्य जाहीर झालं. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं आणि जानेवारी 2020 मध्ये त्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ; लोणार आणि ठाण्याची खाडी तिच्या मागून आली. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं नाशिककर अभिमानाने सांगतात. भरतपूरशी एक साम्य खरंच आहे: दोन्ही ठिकाणचं पाणी माणसाने अडवलेलं आहे. निसर्गाचा देखावा म्हणून आपण ज्याच्यापुढे दुर्बीण रोखून उभे राहतो, तो पाटबंधारे खात्याच्या कामाचं उपफळ आहे. आणि त्या उपफळाचं मूळ आहे गाळ.

अडवलेलं पाणी, साचलेली माती

हा बंधारा पाणी साठवायला बांधलेलाच नाही. वर दारणा आणि गंगापूर धरणांतून सोडलेलं पाणी नदीतून वाहत इथवर येतं. बंधारा ते अडवतो आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळवतो. ते पाणी पुढे येवला, कोपरगावच्या शिवारात जातं. सह्याद्रीच्या माथ्यावर त्र्यंबक-इगतपुरीकडे धो धो पाऊस पडतो आणि निफाड पडतं पर्जन्यछायेत. घाटमाथ्याचं पाणी कोरड्या पट्ट्यात पोचवणाऱ्या साखळीतली ही एक कडी.

पण नदी नुसतं पाणी आणत नाही. शंभरहून अधिक पावसाळे गोदा आणि कादवा वरच्या शेतांतली काळी माती वाहून आणत आहेत. बंधाऱ्याशी प्रवाहाचा वेग मोडतो आणि माती तळाशी बसते. पात्राची खोली भरत गेली, मध्ये बेटं उगवली, काठ पसरट झाले, त्यावर पाणकणीस आणि देवनळ माजला. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात ही घट. पाखरांच्या हिशेबात मात्र मैलोगणती वाढून ठेवलेलं ताट. गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, पाणवनस्पतींच्या बिया आणि मुळ्या. वर ऊन तळापर्यंत पोचेल इतकंच पाणी. खोल, स्वच्छ, देखण्या जलाशयावर चार पाणकावळे दिसतात आणि या गढूळ, शेवाळलेल्या पसाऱ्यावर पाखरांना बसायला जागा पुरत नाही, त्याचं कारण एवढंच.

म्हणून इथे पाखरं पाहायला येणाऱ्याने आधी पाणी वाचायला शिकावं. किती खोल आहे, कालच्यापेक्षा चढलंय की उतरलंय, कुठे नुकता चिखल उघडा पडलाय. त्यावरून कोण कुठे असणार ते पुस्तक न उघडता सांगता येतं.

चापडगावची वाट

बहुतेक मंडळी चापडगावच्या बाजूने आत शिरतात. वनखात्याचं केंद्र तिथे आहे, निरीक्षण मनोरे आहेत आणि आसपासच्या गावांतली, वनखात्याने तयार केलेली गाइड पोरं आहेत. त्यांच्या खांद्यावर स्टँडसकट दुर्बीण असते आणि जिभेवर पाखरांची मराठी, इंग्रजी अशी दोन्ही नावं. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला बाभळी आणि बेशरमीची झुडपं. सगळे जण मनोरा गाठायच्या घाईत असतात, म्हणून ही वाट फुकट जाते. खरं तर हिवाळ्याची अर्धी यादी इथेच पुरी होते.

ओल्या बांधावर शेपटी खालीवर करत पळणारे धोबी दिसले की समजावं, हंगाम लागला. पांढरा, पिवळा, करडा असे तीन-चार प्रकारचे धोबी एकाच वाफ्यात किडे टिपत असतात. तुतवार आणि धोबी ऑगस्ट-सप्टेंबरातच उतरतात, बदकांची गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि हंस बहुधा सगळ्यात शेवटी.

देवनळाच्या बुडाशी, जिथे चिखल आणि सावली एकत्र येते, तिथे थोडं थांबावं. शंकर नावाचा चिमणीएवढा पक्षी तिथे असतो. पाठीकडून पाहिला तर मातकट, नजरेत न भरणारा. दोन-तीन उड्या मारतो, थबकतो, ताठ उभा राहतो आणि शेपटी झटकन उघडतो. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी ठिपके दिसतात आणि ओळख पटते. मग तो वळतो. नराच्या गळ्यावर निळी झळाळी, मध्ये तांबूस ठिपका, खाली काळी आणि तांबूस पट्टी. थंडीत हा रंग पुरता उजळलेला नसतो. पिसांच्या फिक्या कडा झिजत जातात तसा तो फेब्रुवारीकडे खुलतो. म्हणजे नोव्हेंबरात पाहिलेला शंकर आणि परतीच्या आधीचा शंकर, दोन्ही पाहण्यात गंमत आहे. युरोपच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंत आणि इकडे लडाखमध्ये त्याची वीण होते. चार महिन्यांसाठी मात्र त्याचं जग म्हणजे देवनळाच्या बुडाची काही हात लांब चिखलपट्टी, आणि दुसरा शंकर तिथे आला की तो त्याला हुसकून लावतो.

वाटेवर एकदा तरी डोक्यावर नजर टाकावी. दलदली भोवत्या देवनळाच्या शेंड्यांवरून, पंख किंचित वर धरून, सावकाश तरंगत येतो. तो दिसण्याआधी त्याची वर्दी पाण्यावर कळते. विखुरलेले वारकरी क्षणात एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा करतात आणि बदकं आवाज करत उठतात. भोवत्याला गठ्ठ्यातला धडधाकट पक्षी नको असतो. गोंधळात जो मागे राहील, लंगडत उडेल, तो त्याला हेरायचा असतो. अख्ख्या जलाशयाची हजेरी घेऊन तो पुढे जातो आणि पाच मिनिटांत सगळे पुन्हा चरायला लागतात.

कोण किती पाण्यात

मनोऱ्यावर चढल्यावर पहिल्यांदा नुसता कालवा ऐकू येतो आणि डोळ्यांना नुसते ठिपके दिसतात. शहरातून आलेल्या घोळक्यात कुणीतरी हमखास विचारतं, "दादा, फ्लेमिंगो कुठाय?" गाइडला हा प्रश्न पाठ असतो. "पाणी उतरल्याशिवाय ते नाही यायचे, ताई. आधी हे बघा," असं म्हणत तो दुर्बीण काठाकडे वळवतो. काठापासून सुरुवात करणं हीच रीत बरोबर.

ओल्या चिखलावर पाय जेमतेम भिजतील तिथे चिखले आणि छोटे टिलवे धावतात. टिलवा मुठीत मावेल एवढा. चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चालते. घोटाभर पाण्यात शेकाट्या, लाल काटकुळ्या पायांवर तोल सावरत. त्याच्या पुढे पाणटिवळा. लांब सरळ चोच गाळात मुळापर्यंत खुपसतो आणि डोकंसुद्धा बुडवतो. आणखी थोडं पाणी असलं तर चमचा: अर्धी उघडी चोच पाण्यात बुडवून डावीकडे-उजवीकडे फिरवत तो पुढे चालतो आणि चोचीला मासा लागताच ती मिटते.

त्यानंतर बदकांची हद्द. चक्रांग सगळ्यात छोटं, म्हणून काठाच्या चिखलाजवळ. तलवार बदकाची मान लांब. ते शेपूट आकाशाकडे करून उलटं होतं आणि हातभर खोलीवरचा गाळ चाळतं. थापट्याला बुडी नको नि उलटं होणंही नको. त्याची फावड्यासारखी पसरट चोच हेच त्याचं हत्यार. चोचीच्या कडांना आतून शंभराहून अधिक बारीक दाते असतात. तोंडात घेतलेलं पाणी दात्यांतून बाहेर जातं आणि सूक्ष्म जीव आत अडकतात. कधी कधी थापटे एकमेकांच्या शेपटीमागे लागून गोल गोल फिरू लागतात. पायांच्या हालचालीने तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि प्रत्येक जण पुढच्याने ढवळलेलं पाणी गाळत राहतो. दुर्बिणीत हा भोवरा सापडला तर डोळा काढू नये. पंचवीस-तीस बदकं एकाच दिशेने गिरक्या घेताहेत, मान पाण्याला टेकलेली, एकाचीही नजर वर नाही. मध्येच एखादं नवं बदक येऊन साखळीत शिरतं आणि भोवरा तेवढा रुंद होतो.

आणखी खोल पाण्यात बुडी मारणारे: मोठी लालसरी, वारकरी, पाणकावळा. वारकरी तळाची वनस्पती तोडून वर आणतो आणि तरंग बदक त्याच्या शेजारी टपून असतं. तरंग बदकाला बुडी येत नाही. ते सरळ वारकऱ्याच्या चोचीतला पाला ओढून घेतं. गडवालही हीच चोरी करतं. वारकरी फारसा भांडत बसत नाही, पुन्हा बुडी मारतो. उडायचं झालं तर त्याला पाण्यावरून बरंच अंतर धावावं लागतं, आणि एकाच वेळी शे-दोनशे वारकरी धावू लागले की तो आवाज दूर काठावरही ऐकू येतो.

या सगळ्यांत आपले घरचेही आहेत. हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे बारमाही रहिवासी. हिवाळ्यात पाहुण्यांची गर्दी वाढली तरी त्यांची जागा ठरलेली असते, कारण प्रत्येकाची खोली वेगळी. एका पाण्यावर इतक्या जातींचं निभतं ते समजूतदारपणामुळे नव्हे. उताराच्या गाळाने प्रत्येकाला आपापली पायरी दिलेली असते.

हिमालय ओलांडून हरभऱ्यात

पट्टकदंब हंस मात्र पाण्याचा नुसता निवाऱ्यापुरता उपयोग करतो. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे दोन काळे पट्टे. दिवसा बेटांवर कळप करून विश्रांती घ्यायची आणि अंधार पडू लागला की काठच्या गहू-हरभऱ्याच्या रानांत चरायला जायचं, ही त्याची तऱ्हा. शेतकऱ्याला ती ठाऊक असते आणि आवडतेच असं नाही.

या पक्ष्याविषयी लोकांना एक गोष्ट हमखास माहीत असते: तो हिमालयावरून उडतो. कसा उडतो, हे गेल्या काही वर्षांत त्याच्या पाठीवर आणि शरीरात बसवलेल्या यंत्रांनी दाखवलं. नोंदलेली सर्वांत जास्त उंची 7,290 मीटर. पण हा हंस एकदा उंची गाठून तिथेच सरळ उडत राहत नाही. खालच्या डोंगराच्या चढउताराप्रमाणे तोही चढतो आणि उतरतो. मिळवलेली उंची सोडून देणं आपल्याला तोट्याचं वाटेल. विरळ हवेत पंख मारायला जास्त ताकद लागते, म्हणून गरज नसेल तिथे खाली, दाट हवेत येणंच त्याला परवडतं. त्यातही तो रात्र आणि पहाट निवडतो. तेव्हा वारा शांत असतो आणि गार हवा जड असते. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट पकडतं, फुप्फुसं मोठी आहेत, पंखांच्या स्नायूंत केशवाहिन्या दाट आहेत. एवढी सगळी तयारी करून तो निफाडच्या हरभऱ्यात उतरतो. नांदूरचा गाळ, काठची रब्बी पिकं आणि मंगोलियातली तळी हे त्याच्या दृष्टीने एकाच शिवाराचे तुकडे आहेत. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात तो हाच. त्यातली एक जागा आटली तर तिची उणीव दुसऱ्या देशात जाणवते.

सोबतीला चक्रवाक असतो, नारिंगी अंगाचा, जवळजवळ नेहमी जोडीने. तोही तिबेट-लडाखकडे वीण करणारा. एखाद्या सालात कांड्या करकोचेही काठच्या रानांत उतरतात. त्यांचा भरवसा नसतो, म्हणून ते दिसले की गाइड पोरांचे फोन सुरू होतात.

मोजणारे आणि सोडणारे

जानेवारीत इथे आणखी एक वर्ग येतो, वह्या-पेनं घेऊन. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत चालते आणि तिच्यात बहुतांश हौशी माणसंच असतात. दहा हजारांचा थवा मोजायचा कसा? आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात बसवायची, मग तेवढ्या जागेचे शंभर, शंभराचे हजार असे ठोकळे टाकत जायचे. वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात थवा हलतो, भोवत्या येतो, ऊन डोळ्यांवर येतं आणि शेजारच्याचा आकडा आपल्याशी जुळत नाही. म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजून मग वही उघडायची, असा शहाणपणा अनुभवी मंडळी पाळतात. एका वर्षीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. दहा-वीस वर्षांचे आकडे ओळीने मांडले की पाण्याचं काय चाललंय ते कळतं.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. 5 तारीख पक्षी-अभ्यासक लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, 12 तारीख सलीम अलींची. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. पाखरांच्या मराठी आणि बोलीतल्या नावांचा संग्रह त्यांनी 'पक्षीकोशा'त करून ठेवला, म्हणून आज चापडगावचा पोरगा शंकर आणि थापट्या म्हणतो तेव्हा त्यामागे छापील आधार आहे.

पण या पाण्याचं भवितव्य ज्या वहीत ठरतं ती वेगळी. वरून आवर्तन, म्हणजे कालव्यांसाठीचं पाणी, सुटलं की बंधाऱ्यामागे पाणी चढतं, कालव्यात गेलं की उतरतं. वीतभर पाणी चढलं तर टिलवे आणि चिखल्यांचं अंगण बुडतं. झपाट्याने उतरलं तर बदकांना चिखलात अडकल्यासारखं होतं आणि कुत्री, कोल्हे बेटांपर्यंत पोचतात. आवर्तन कधी आणि किती दिवस, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथे ऊस आहे, कांदा आहे, द्राक्षं आहेत, पिण्याचं पाणी आहे, आणि प्रत्येकाची बाजू मांडणारा माणूस आहे. यात गैर काही नाही. बंधारा त्यासाठीच बांधला.

दुसरं संकट वरच्या शहराचं. नाशिकचं सांडपाणी गोदेत मिसळतं, त्या खतावर पाणवेली माजतात आणि पावसाळ्यात वाहत येऊन इथे अडकतात. हिरव्या गालिच्याखाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो, बदकाला उतरायला मोकळं पाणी उरत नाही. रामसरच्या नोंदीत या जागेवर 536 सजीव जाती लिहिल्या आहेत. त्यात देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा अतिसंकटग्रस्त मासा आहे, गिधाडं आहेत, चंदन आहे आणि उसात वावरणारा बिबट्याही आहे. धोक्यांच्या यादीत पाणवेल, शहरी वाढ आणि पाण्याचा उपसा. बिबट्यामुळेच गाइड संध्याकाळी उसाच्या वाटेवर कुणाला रेंगाळू देत नाहीत, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

जाणाऱ्यांनी एवढं करावं: सूर्य उगवण्याआधी चापडगाव गाठावं, सकाळचं ऊन पाठीवर येईल असा मनोरा निवडावा, भडक कपडे आणि फोनवरचे पक्ष्यांचे आवाज घरी ठेवावेत, गाइडचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे या बाजूंनीही पाणी दिसतं आणि तिथे गर्दी कमी असते.

गाळ काढायचा तर कुठला?

बंधाऱ्यातला गाळ काढा, ही मागणी जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पुराचं पाणी पात्रात मावत नाही तेव्हा ते काठच्या गावांत शिरतं. 2017 पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. वाहून आलेली माती पुन्हा शेतात जावी यात वाईट काय? ज्याचं घर पाण्यात जातं त्याला टिलव्याची महती सांगणं हा पुण्या-मुंबईकडच्यांचा उद्योग झाला.

पण "गाळ काढा" आणि "गाळ राहू द्या" हे दोनच पर्याय आहेत असं मानणंही चुकीचं. दरवाजांजवळचा आणि मुख्य प्रवाहातला गाळ काढला तर पुराला वाट मिळते. काठाकडचा उतार आणि बेटं राखली तर पाखरांच्या पायऱ्या शाबूत राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी एकदम न चढवता-उतरवता बेताने हलवलं तर कालव्याचं पाणीही अडत नाही आणि चिखलाची अंगणंही बुडत नाहीत. पाणवेली काढायच्या तर पाहुणे यायच्या आधी. यातली एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. मात्र कुठल्या काठावर, किती पाण्यात, कोणत्या महिन्यात किती पाखरं होती हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. या गाळाच्या धन्यांकडे सातबारा नाही. त्यांच्या नावावर लागेल असा एकच दस्तऐवज आहे, तो म्हणजे दर जानेवारीत हौशी माणसांनी गारठलेल्या बोटांनी भरलेला गणनेचा तक्ता. तो आजवर पक्षिमित्रांच्या संग्रहात राहिला. आता तो कालवा सल्लागार समितीच्या टेबलावर, कांदा आणि उसाच्या मागणीपत्रकांशेजारी ठेवायला हवा, आणि त्यासाठी मोजणाऱ्यांनीच एकदा बैठकीची तारीख विचारून घ्यायला हवी.